वन्सं, मोर

बियाणं राखेत ठेवतात, म्हणून मी कॅसेट राखेत ठेवली. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढे कोणी माझी कीव करायला नको. दोडक्याचं, काकडीचं बी आमच्याकडे चुलीतल्या राखेत घोळवून डब्यात भरतात. मग पावसात त्याला बुरशी लागत नाही आणि कीडही शिवत नाही. माझी आई तसंच करायची, बायकोही तसंच करायची. व्हिडिओची कॅसेट म्हणजे बियाणं नव्हे, एवढं मला कळायला हवं होतं. पण मी चौथी शिकलेला माणूस, जन्म सगळा शिडाच्या मचव्यावर गेला. त्यात भ्यालेला होतो. भ्यालेला माणूस त्याला जे येतं तेच करतो.

त्या कॅसेटीत माझ्या बायकोचा आवाज होता. एकच शब्द. तो सोडला तर तिचा आवाज जगात कुठेच उरला नव्हता.

ऐंशी सालानंतरची ही गोष्ट. हेदवी आणि वेळणेश्वर यांच्या मधलं आमचं गाव. खाडीपलीकडच्या मोहल्ल्यातला एक जण कुवेतला होता. मी मचव्याचा तांडेल, म्हणजे मुख्य, आणि त्याचा बाप माझ्या हाताखाली खलाशी, म्हणून तो लहानपणापासून मला तांडेलकाका म्हणायचा. तो एकदा सुट्टीवर आला तेव्हा रंगीत टीव्ही, व्हीसीआर आणि फिल्म घ्यायचा व्हिडिओ कॅमेरा असं सगळं घेऊन आला. वीज आमच्याकडे असून नसल्यासारखी. पण असली की रविवारी दुपारी अर्धं गाव होडीतून त्याच्या ओटीवर जायचं. आधी हिंदी पिक्चर लावायचा. तो संपला की माणसं चपला शोधायला लागत. मग उरलेल्या पाचदहा जणांसाठी तो नाटक लावी. त्या पाचदहांत आम्ही दोघं.

त्याच्याकडे संगीत नाटकाच्या दोन कॅसेटी होत्या, मुंबईहून मागवलेल्या. थेटरात प्रयोग चालू असताना समोर कॅमेरा लावून घेतलेल्या. एक होतं राज्य सोडून दिलेल्या राजाचं. दुसरं होतं दोन सवतींचं. मला विचाराल तर राजाचं चांगलं. राजा म्हातारा, पोट सुटलेलं, मिशी एका बाजूने सुटायला आलेली. पण गायला लागला की त्या मिशीकडे कोणी बघत नसे. पिक्चरमधला माणूस डोंगरावर उभा राहून गातो, तो कोणासाठी गातो ते मला कधी कळलं नाही. इथे कळायचं. समोर माणसं आहेत, ती खोकताहेत, खुर्च्या वाजताहेत, पेटीवाला भाता ओढताना मान हलवतोय, तबलजी मधेच हातोडीने ठोकून तबला चढवतोय. एक पतंग दिव्याभोवती फिरत राजाच्या मुकुटावर बसतो आणि राजा तसाच गात राहतो. मी तो पतंग पाहायलाच जायचो म्हणा.

बायको खोकल्यासाठी थांबायची. राजा सिंहासनावरून उठून गायला लागला की कॅसेटीतल्या त्या थेटरात कोणी तरी एक माणूस तीनदा खोकतो. दरवेळी त्याच जागी. दुसऱ्या-तिसऱ्या रविवारपासून ती मला कोपर मारून सांगायची, आता खोकणार बघा. तो खोकला की पदर तोंडाला लावून हसायची. तो कोण, कुठला, जिवंत आहे की नाही, काही माहीत नाही. पण ती घरी येताना होडीत म्हणायची, बिचाऱ्याने औषध घ्यायला हवं होतं.

सवतींच्या नाटकात धाकटी सवत एक पद म्हणते. ते संपलं की थेटरातली माणसं ओरडतात, वन्स मोर. ती मुलगी मान खाली घालते, पेटीवाल्याकडे बघते आणि पुन्हा पहिल्यापासून म्हणते. एकदा काय झालं, थेटरातल्यांच्या आधीच आमची ओटीवरून ओरडली. आणि लगेच त्या सवतीने पद पुन्हा धरलं. सगळे हसून लोळले. कुवेतवाला म्हणाला, काकी, तुमचा आवाज मुंबईपर्यंत गेला. ती तेही खरं मानल्यासारखी खूश झाली.

आता तिच्या त्या शब्दाचं सांगायला हवं, नाही तर पुढचं कळणार नाही.

लग्न होऊन आली त्या वर्षी देवळाच्या उत्सवात नाटक होतं. आमच्या गावात दरवर्षी गावकरीच संगीत नाटक करतात. बायकांचं काम पुरुष करतात. सुतार नायिका होई, गळा गोड होता त्याचा. ती माझ्या धाकट्या बहिणीशेजारी बसली होती. नवऱ्याच्या बहिणीला वन्सं म्हणायचं हे तिला आदल्याच आठवड्यात आईने शिकवलेलं. तिच्या माहेरी डोंगरात नाटकं होत नसत. पद संपलं आणि पुरुष ओरडले, वन्स मोर. ती इंग्रजी बिंग्रजी कुठली ओळखणार. तिला वाटलं, कोणी तरी आपल्या वन्संना हाक मारून सांगतंय की मोर आला. तिने बहिणीचा हात धरला आणि देवळाच्या कौलांकडे बघत राहिली. म्हणाली, वन्सं, खयं हाय मोर?

बहीण इतकी हसली की तिला उचकी लागली. दुसऱ्या दिवशी विहिरीवर सगळ्या बायकांना कळलं. ती चिडली नाही. उलट तिने तो शब्दच घरात आणला. मला भात आणखी हवा असला की मी ताट पुढे करायचो आणि ती विचारायची, वन्सं, मोर? चहा दुसऱ्यांदा हवा असला तरी तेच. बहीण सासरहून आली की दारातूनच ओरडायची, वैनी, मोर आला. असं तीस-पस्तीस वर्षं चाललं. तिला खरा अर्थ केव्हाच कळला होता. पण ती तरीही ते असंच म्हणायची, दोन शब्द वेगळे करून. पहिला हाकेसारखा लांबवायचा आणि दुसरा खाली आपटायचा.

मग तिला धाप लागायला लागली. पाखाडीच्या पायऱ्या चढताना मधे थांबायची. मी मागून चालायचो आणि ती किती वेळा थांबते ते मोजायचो. आधी एकदा थांबायची, मग दोनदा, मग देवळाच्या वळणापर्यंतच चारदा. रत्नागिरीच्या डॉक्टरांनी तपासून सांगितलं, हृदयाची झडप नीट मिटत नाही. जड उचलायचं नाही, धावायचं नाही, रागवायचं नाही, ओरडायचं नाही. ती एसटीत म्हणाली, दार वाजतंय नुसतं, वारा आला की वाजणारच. मी हसलो नाही. त्या दिवसापासून मी भ्यायला लागलो, तो आजपर्यंत.

मी बिनधास्त माणूस म्हणून गावात ओळखला जायचो. वादळात शीड फाटलं तरी मी शिव्या देत काम केलंय. पण घरात एखादं भांडं पडल्याचा आवाज झाला की मी हातातलं काम टाकून आत बघायला जायचो. बाहेरून आलो की आधी कान द्यायचो, आत ती हालतेय का. हे कोणाला सांगायचं? तिला तर नाहीच. तिला मी ओरडायचो. घागर का उचललीस, उन्हात का गेलीस. तिला वाटायचं, म्हातारा तापट झाला.

त्या वर्षीच्या उत्सवात कुवेतवाल्याने आमच्या गावच्या नाटकाची फिल्म घेतली. गावभर तेच बोलणं. सुताराने नवीन शालू आणला. शाळेचे मास्तर विंगेत पुस्तक आणि शिटी घेऊन बसायचे, पुढचा शब्द सुचवायला. मी पडद्यावर. वीस वर्षं दर्शनी पडदा मीच सांभाळायचो. बांबूवर गुंडाळला जाणारा जड पडदा, कप्पीवरून दोरी. शीड ओढणाऱ्याला ते काम लगेच जमतं. मास्तरांची पहिली शिटी म्हणजे तयार राहा, दुसरी म्हणजे सोड. दोरी हातातून थोडी थोडी सोडायची, म्हणजे पडदा सावकाश उतरतो. एकदम सोडली तर धाडकन पडतो.

कॅमेरा बायकांच्या बाजूला बाकावर ठेवला होता. विजेची वायर तिथपर्यंतच पोचत होती. ती अगदी त्याच्याजवळ बसली होती, खांबाला टेकून.

तिसऱ्या अंकात सुताराचं पद झालं. वनात मूल हरवलेली राणी त्याला शोधते, ते. त्या दिवशी तो कधी नव्हे असा गायला. गाऊन थांबला आणि क्षणभर कोणी काहीच बोललं नाही. मास्तरांनी पहिली शिटी दिली. मी दोरी सैल करून धरली. तेवढ्यात बायकांतून आवाज आला. वन्सं, मोर.

मी विंगेच्या फटीतून पाहिलं. ती उभी राहिली होती. एक हात खांबावर, दुसरा छातीवर, तोंड उघडं, गळ्याची शीर ताणलेली. मला वाटलं, ही आता पडली. डॉक्टरांनी सांगितलेलं सगळं एकदम डोक्यात आलं. पुढचं मला एवढंच माहीत आहे की दोरी हातात नव्हती. पडदा धाडकन खाली आला.

ती पडली नाही. तिला काहीही झालं नव्हतं. हात छातीवर होता, कारण पदर सावरत होती.

पुढच्या रविवारी सगळं गाव त्या ओटीवर, आपापलं तोंड टीव्हीत बघायला. ती जागा आली. तिचा आवाज एवढा जवळून आला की माणसं वळून तिच्याकडे बघायला लागली. आणि लगेच पडदा, धाडकन. ओटी हसून हलली. कोणी तरी म्हणालं, तांडेलाने बायकोला दाबात ठेवलीन बघा. ती हसली नाही.

होडीत बसल्यावर खाडीच्या मधोमध म्हणाली, “माझ्या तोंडावर पडदा टाकलात तुमी.”

मी वल्हं मारत राहिलो. तेव्हा सांगायला हवं होतं की दोरी सुटली, मी भ्यालो. सांगितलं नाही. मी म्हणालो, “बायकांनी असं चारचौघांत ओरडायचं नसतं.”

हे मी बोललो. कोणी माझ्या तोंडी घातलेलं नाही. सगळा जन्म नाटकात बायकांच्या बाजूचं हसणं ऐकलेला माणूस मी, मला त्यात कधी गैर वाटलं नव्हतं. पण भ्यालो म्हणण्यापेक्षा ते सोपं गेलं.

पुढे तिने रविवारी पलीकडे यायचं सोडलं. भांडली नाही, अबोलाही धरला नाही. मी काही कडक बोललो की एवढंच म्हणायची, पाडलात पडदा. ताट पुढे केलं तर नुसतं विचारायची, भात वाढू?

श्रावणात एका दुपारी पोहे भिजत घालून ती खांबाला टेकून बसली. मी पडवीत फाटलेलं जाळं तुणत होतो. मघाशी पातेलं ठेवल्याचा आवाज आला होता, म्हणून मी निश्चिंत होतो. बऱ्याच वेळाने आत गेलो तर पोहे फुगून पातेल्याच्या कडेला आले होते. ती तशीच बसलेली.

लोक म्हणतात, माणूस गेलं की आवाज कानात राहतो. माझ्या कानात राहिला नाही. दिवाळीपर्यंत होता. शिमग्याच्या सुमाराला एका सकाळी ताट समोर घेतलं आणि वन्सं, मोर हे मनात म्हणून बघितलं, तर ते माझ्याच आवाजात आलं. पुन्हा म्हटलं, पुन्हा माझाच. जेवण तसंच ठेवून मी बंदरावर जाऊन बसलो. शब्द सगळे आठवत होते, ती काय काय बोलली ते ओळीने सांगू शकलो असतो. पण सगळं ती माझ्याच घशातून बोलत होती. तिचा एक फोटो आहे, लग्नातला, घोळक्यात. त्यातून काय ऐकू येणार?

तेव्हा कॅसेटीची आठवण झाली. खरं तर विसरलो कधीच नव्हतो. पण ती पाहायची म्हणजे ती हाक मारते आणि मी पडदा टाकतो, हे पाहायचं. त्याला माझी छाती होत नव्हती. आणि न पाहावं तर आवाज गेलेला. दोन्हीकडून भीतीच.

कुवेतवाला त्या उन्हाळ्याची सुट्टी संपवून परत जायला निघाला तेव्हा स्वतःच होडीतून आला आणि कॅसेट माझ्या हातात दिली. म्हणाला, घरात ठेवली तर भाऊ हिच्यावर कोणाची तरी शादी भरतील, तुम्हीच ठेवा. मागच्या कडेला प्लास्टिकची एक जीभ असते, ती मोडली की वर दुसरं काही घेता येत नाही, ती मोडून टाका, असं सांगितलं. मी मासे कापायच्या सुरीने ती जीभ मोडली. मोडताना वाटलं, चुकून तिचीच मोडतोय. तो आणखी सांगून गेला, ऊन लागू देऊ नका, ओल लागू देऊ नका आणि लोहचुंबकाजवळ ठेवू नका, नाही तर सगळं पुसलं जाईल.

लोहचुंबक म्हटल्यावर मी आधी कोनाड्याकडे बघितलं. मचवा विकला तेव्हा होकायंत्र मी आठवण म्हणून ठेवलं होतं, ते भिंतीत कोनाड्यात होतं. ते त्याच दिवशी उचलून गोठ्यात नेऊन टांगलं. तरी शंका जाईना. गोठा घराला लागून. शेवटी ते शेजारच्या गावच्या एका तांडेलाला देऊन टाकलं. चाळीस वर्षं ज्याने वाट दाखवली ते यंत्र मी एका काळ्या डबीच्या भीतीने घराबाहेर काढलं.

मग पावसाळा आला. आमच्याकडे आषाढात भिंतीला हात लावला तर ओला होतो. कातड्याच्या चपलेला पांढरे केस येतात. मी कॅसेट कपाटात, कपड्यांच्या मधे ठेवली होती. एक दिवस काढून पाहिली तर कागदी खोक्याला बुरशी, आणि कॅसेटीच्या काचेसारख्या खिडकीतून आत, गुंडाळलेल्या फितीच्या कडेवर, पांढरे ठिपके. मोहरीएवढे, सातआठ.

कोणाला विचारणार? तो कुवेतला. गावात दुसरं यंत्र नाही. गुहागरला भाड्याने व्हिडिओ देणारे होते, पण अनोळखी माणसाच्या हातात ती द्यायची म्हणजे माझा जीव जायचा. मी खोकं फेकून दिलं. कॅसेट तिच्या जुन्या लुगड्याच्या फडक्यात बांधली. चुलीतली राख दोन दिवस थंड केली, चाळणीने चाळली आणि बियाण्याच्या पत्र्याच्या डब्यात अर्धी राख, मग कॅसेट, मग वर राख. झाकण घट्ट लावून डबा चुलीवरच्या फळीवर ठेवला. आणि मला कितीतरी दिवसांनी बरं वाटलं. ओल राखेत शिरत नाही, हे मला पक्कं माहीत होतं. राख फडक्यातून आत शिरते, याचा विचार केला नाही.

दुसरा पावसाळा आला तरी ती तिथेच होती. मी रोज डब्याला हात लावून बघायचो, उघडायचो नाही.

तिच्या दुसऱ्या वर्षश्राद्धाला बहीण आली. ती आता स्वतःच विधवा, गुडघे धरलेले, पण जीभ तीच. जेवणं झाल्यावर म्हणाली, कुवेतवाला सुट्टीवर आलाय, वैनीचा आवाज ऐकायचा आहे मला. मी म्हटलं, पुढच्या खेपेला. ती म्हणाली, पुढच्या खेपेला तू असशील की मी असेन ते कोणी सांगितलंय, काढ कॅसेट.

तिच्यादेखत मी डबा उघडला. फडकं सोडलं. कॅसेट राखाडी झाली होती. हलवली तर आतून राखेचा बारीक धूर निघाला. बहीण माझ्या तोंडाकडे बघत राहिली. म्हणाली, दादा, हे काय केलंस? मी म्हटलं, बी ठेवतात तसं. ती नेहमीसारखी बोलली असती तर बरं झालं असतं. तिने नुसतं पदराने कॅसेट पुसायला घेतलं, तेव्हा मी खरा घाबरलो.

होडीत मी ती दोन्ही हातांत धरून बसलो. वल्हं दुसऱ्याने मारलं. पलीकडे कुवेतवाल्याने पाहिली आणि लगेच स्क्रू काढायचा पाना घेऊन बसला. पाच स्क्रू काढून त्याने वरचं झाकण उचललं. आत दोन चाकं, मधे फीत, सगळ्यावर राख. त्याने तोंडाने फुंकली, रंगाच्या ब्रशाने झाडली, मऊ कापड घेऊन फितीचा वेढा न वेढा कडेने पुसला. तास गेला. मी त्याच्या हातांकडे बघत होतो. मचव्याला भोक पडल्यावर आत चढणाऱ्या पाण्याकडे बघतात तसा.

यंत्रात घातली. चित्र आलं, मधे पांढऱ्या रेघा, पण आलं. पहिला अंक, दुसरा अंक त्याने पळवत नेला. बहीण खुर्चीत, मी जमिनीवर, माझ्या नेहमीच्या जागी. माझ्या शेजारची जागा रिकामी होती, तिथे कोणी बसलं नाही. सुतार आला. सुतारही आता मुंबईला मुलाकडे, गात नाही. तो गायला लागला आणि मला काही ऐकू येईना, मी फक्त पुढच्या जागेची वाट पाहत होतो. पद संपत आलं आणि यंत्राच्या पोटातून करकर असा आवाज आला. चित्र वाकडं झालं, निळं झालं, गेलं.

कुवेतवाल्याने बटण दाबलं. कॅसेट अर्धी बाहेर आली आणि तिच्यामागून फीत, चुरगळलेली, ओढ्यात अडकलेल्या गवतासारखी. नेमकी तीच जागा. मी उठून उभा राहिलो आणि पुन्हा बसलो. तो म्हणाला, काका, एवढा तुकडा फाटलाय, कापून जोडावा लागेल. किती, असं मी विचारलं. त्याने फितीवर हात ठेवून दाखवलं. चार बोटं.

चार बोटांत काय काय मावतं, ते त्याला सांगता येईना. एक-दोन शब्द, म्हणाला. आणि जोड यंत्रातून नीट गेला तर ठीक, नाही तर पुढचं पण जाईल. मी बहिणीकडे पाहिलं. ती म्हणाली, काप. त्याने आपल्या बायकोच्या शिवणाच्या कात्रीने कापलं. चिकटपट्टीचा एवढासा तुकडा मागून लावला आणि नखाने घोटला. कापलेला तुकडा मी मागून घेतला. तो अजून माझ्या खिशात असतो. काळा, चुरगळलेला. उन्हात धरला तरी त्यात काही दिसत नाही.

पुन्हा लावली. सुतार पुन्हा गायला. पद संपलं. ती क्षणभराची शांतता आली. मास्तरांची शिटी आली.

आणि ती बोलली. “वन्सं…”

तेवढंच. मग खरकन एक रेघ, आणि समोर पडलेला पडदा, नुसताच, लोंबत. मोर नव्हता. पडदा पडतानाचं पण नव्हतं. ते सगळं चार बोटांत गेलं होतं. राहिली ती हाक, लांबवलेली, कोणाला तरी जवळ बोलावावं तशी. आणि ती तिच्याच आवाजात होती, माझ्या नव्हे.

“काय गो वैनी?” बहीण म्हणाली.

ती ठरवून म्हणाली नाही. जशी रांधणीतून हाक आल्यावर पडवीतून ओ द्यायची, तशी ओ गेली तिच्या तोंडून. मग तिलाच कळलं. टीव्हीवर पडदा लोंबत होता आणि समोर बसलेली माणसं हसल्याचा आवाज येत होता. कुवेतवाल्याने तो थांबवला.

मग त्याने बटणावर बोट ठेवून विचारलं, “परत लावू, काका?”

मी नको म्हटलं. जोड एकदा गेला, दुसऱ्यांदा जाईलच असं नाही. उरलेला शब्दही गेला तर मी काय करायचं? एकदा ऐकला, पुरे. कॅसेट काढ आणि दे माझ्याकडे, असं मी त्याला म्हटलं, आणि हात पुढे केला.

बहीण म्हणाली, “दादा, तिने हाक मारली तेव्हा पडदा टाकलास. आता तरी टाकू नको.”

“मी टाकला नाही,” मी म्हणालो. “दोरी सुटली. ती उभी राहिली, मला वाटलं मेली. भ्यालो मी.”

हे मी पहिल्यांदा कोणाजवळ बोललो. बहिणीने माझ्याकडे पाहिलं. तिला राग आला असावा, किंवा कीव. तिने एवढंच विचारलं की मग हे वैनीला का सांगितलं नाहीस. ज्याची भीती होती ते तर झालंच, आणि मधल्या दिवसांत ती मोर न म्हणता माझा भात वाढत राहिली.

कुवेतवाला अजून बटणावर बोट ठेवून होता. माझा हात अजून पुढेच होता, कॅसेट मागायला. तो मी मागे घेतला आणि गुडघ्याखाली दाबून धरला.

लाव, मी म्हटलं.

फीत मागे जाताना यंत्र घरघरत होतं. बहीण खुर्चीतून उतरून गुडघे धरत धरत जमिनीवर आली आणि माझ्या शेजारच्या रिकाम्या जागेत बसली.